भवानी पेठेतलं इटालियन धुकं

एका इटालियन कादंबरीत लेखिकेने शेवटचं पान सोडलं तर कुठेही उपमा दिलेली नव्हती, आणि मी तिचा मराठी अनुवाद करताना तिच्यात पोतंभर उपमा ओतल्या. शेवटच्या पानावरची तिची एकुलती एक उपमा मला हलकी वाटली, म्हणून ती काढून तिथे माझी भारीतली बसवली. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत असताना केलं. कुणी बळजबरी केली नव्हती.

आज सकाळी माळ्यावरून कूलर खाली काढला. गेल्या वर्षीच्या गवताच्या जाळ्या अजून त्यातच होत्या. पाणी मारल्यावर त्यांना वास सुटला, ओल्या गोणपाटाचा आणि जरा मेलेल्या पालीचा, आणि त्या वासाबरोबर तो उन्हाळा नाकात शिरला. उन्हाळ्यावर ललित लिहिणाऱ्यांचा एक ठरलेला माल असतो. गुलमोहर असतो, मोगरा असतो, माठाला बिलगलेले थेंब असतात, आणि दुपारी एक कोकीळ येऊन लेख पूर्ण करून जाते. ही माणसं उन्हाळा कुठे काढतात देव जाणे. सोलापुरात दुपारी नळाची तोटी उघडली तर हात भाजतो, आणि त्या नळाला पाणी आलेलं असणं हा मुळात दुर्मिळ योग. कोकीळ आमच्याकडेही आहे. दुपारी ती सावलीत चोच उघडी टाकून गप्प बसते. तिला ललित लेखांपेक्षा जास्त अक्कल आहे.

मी हे तुच्छतेने लिहितोय, पण हाच माल मी जन्मभर विकला. मी मराठीचा प्राध्यापक. नोकरी बार्शीच्या एका कॉलेजात, घर सोलापुरात, आयुष्य एसटीत. हयात अलंकार शिकवण्यात गेली. आपल्याकडे खरं तर अलंकार शिकवत नाहीत, पकडायला शिकवतात. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. वाक्यात काय म्हटलंय ते वाचायची गरज नाही, पोरं संशयितावर झडप घालतात आणि गुण घेऊन जातात. माझे विद्यार्थी पोलिसात गेले असते तर चमकले असते. काही गेलेही.

तर अशा माणसाकडे इटालियन कादंबरी आली कशी? एका चर्चासत्रामुळे. चर्चासत्र म्हणजे ज्यात सकाळी दीप पेटवतात, दुपारी जेवतात, आणि मधल्या वेळात कुणीतरी वाचत असतं. त्यात मी 'आधुनिक इटालियन कादंबरीतील अलंकरण आणि संवेदन' असा निबंध वाचला होता. तोवर मी इटालियन कादंबऱ्या अडीच वाचल्या होत्या, त्याही इंग्रजीतून. तिसरी अर्धी राहिली कारण एसटी बार्शीला पोचली. पण आमच्या क्षेत्रात अडीच म्हणजे व्यासंग. पुण्याच्या एका प्रकाशकापर्यंत माझ्या व्यासंगाची वार्ता गेली, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी ही कादंबरी इंग्रजीतून मराठीत आणायला माझ्याकडे धाडली.

त्या निबंधातली एक गोष्ट मात्र खरी होती, कारण ती माझी नव्हती. एका प्रस्तावनेतून उचललेली होती. त्या कादंबऱ्यांतली माणसं बघतात फार. एक इसम भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे पानंच्या पानं बघत बसतो. मला वाचताना वाटायचं, बाबा, चुना मार आणि मोकळा हो. पण प्रस्तावनेत म्हटलं होतं की या बघण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही लेखकांकडे बघता बघता डागाचा नकाशा होतो, नकाशाचा देश होतो, आणि माणूस त्या देशात हरवतो. दुसऱ्यांकडे डाग शेवटपर्यंत डागच राहतो, आणि बघणारा माणूसच हळूहळू उघडा पडत जातो. या दुसऱ्या तऱ्हेला कारण होतं. त्या पिढीने हुकूमशहाची सज्ज्यात उभं राहून छाती फुगवून केलेली भाषणं ऐकली होती. राष्ट्र म्हणजे सिंह, तरुण म्हणजे पोलाद, मरण म्हणजे नवरी. मग पोलाद म्हटलेली पोरं युद्धातून परत आली, काही पेटीत, बरीचशी नाहीच. त्यानंतर अनेक लिहिणाऱ्यांना उपमेची शिसारी आली. पावाला पाव म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढं त्यांनी ठरवलं. हा परिच्छेद मी चर्चासत्रात जड आवाजात वाचला. टाळ्या पडल्या. मला त्यातलं काडीचंही कळलेलं नव्हतं.

कळलं असतं तर कादंबरी हातात आल्यावर मी तसा वागलो नसतो.

कादंबरी होती एका विधवेची. इटलीच्या उत्तरेला सपाट मुलखात एक गाव, तिथे तिचं बटणांचं दुकान. नवरा मेल्याचं पहिल्याच पानावर एका ओळीत येतं, आणि पुढे त्याचं नावही निघत नाही. ती बटणं विकते. सूप करते. खिडकीबाहेर धुकं असतं. 'धुकं होतं. समोरचं घर दिसत नव्हतं. तिने खिडकी लावली.' असं पुस्तकभर. मी वाचून हबकलो. हे काय लिहिणं झालं? हा तलाठ्याचा पंचनामा झाला. मला त्या बाईची आणि तिच्या लेखिकेची दया आली, आणि मी दोघींना मदत करायचं ठरवलं. मराठी प्राध्यापकाला दया आली की समोरच्याने पळून जावं.

अडचण एकच होती. सजवायचं होतं धुकं, आणि धुकं मी आयुष्यात धड पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे समोरचं दिसत नाही ते धुळीमुळे, आणि धूळ डोळ्यात जाते, मनात नाही. थंडीत एखाद्या पहाटे रानात पांढरं काहीतरी तरंगतं म्हणतात, पण त्या वेळी मी झोपलेला असतो.

मग मला धुकं सापडलं. भवानी पेठेत, गुरण्णाच्या डाव्या डोळ्यात.

गुरण्णा माझा जुना मित्र. मूळचा मैंदर्गीचा, घरात कानडी, दुकानात मराठी, शिव्या दोन्हीत. भवानी पेठेत त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान. लहानपणी विटीदांडूची विटी लागून त्याचा उजवा डोळा गेला, तेव्हापासून सगळा कारभार डाव्यावर. त्या उन्हाळ्यात डाव्यात मोतीबिंदू उतरला होता. मी रोज दुपारी त्याच्याकडे जायचो. कारण सांगायचो मैत्रीचं. खरं कारण त्याचा कूलर माझ्यापेक्षा मोठा होता. शटर अर्धं खाली ओढलेलं, शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट भिंतीतून यायची, गादीवर गुरण्णा लोडाला टेकलेला, आणि मी समोर बसून आदल्या दिवशीचा अनुवाद वाचून दाखवतोय. गिऱ्हाईक दुपारी फिरकत नव्हतं. फिरकलं तर आमची कादंबरी ऐकून पुढच्या दुकानात जायचं.

आमच्या भागात मोतीबिंदूबद्दल दोन नियम आहेत, आणि ते कुणी केले ते कुणालाच माहीत नाही. एक, तो पिकल्याशिवाय काढायचा नाही. दोन, उन्हाळ्यात डोळ्याला हात लावायचा नाही, दिवाळीनंतर बघू. आता डॉक्टर हे मानत नाहीत, पण आपण डॉक्टरला मानतो कधी? गुरण्णाला हे नियम फार सोयीचे होते. तो घाबरलेला होता. एकच डोळा उरलेला, आणि त्यालाच सुरी लावायची. गेला तर मग काय, असं तो एकदाच बोलला, नंतर विषय बदलून टॉवेलच्या दराकडे गेला. त्याची बायको, महादेवी वहिनी, रोज त्याच्या मागे लागलेली. एकदा त्यांनी मला मध्ये घातलं. भावजी, तुमचं ऐकतात, तुमी तरी सांगा, म्हणाल्या.

मी सांगितलं. मी म्हणालो, वहिनी, आंबा आपण झाडावरून कच्चा उतरवला तरी अढीत घालतोच ना? वरचेवर अढी उघडून बघणाऱ्याचा आंबा सडतो. दम धरायचा. वास सुटला की आपोआप कळतं.

गुरण्णा खूश झाला. बघ, शिकलेला माणूस काय म्हणतोय, असं कानडीत काहीतरी बायकोला म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिचं वर्णन करायचा मोह त्या काळात मला झाला होता. आता होत नाही.

मी धुक्याचं पहिलं प्रकरण घेऊन अडलो होतो, तेव्हा सहज विचारलं, "गुरण्णा, तुला नेमकं कसं दिसतं रे?"

तो म्हणाला, "ताकात पडलेली माशी कसं बघत असंल, तसं बघतोय सर."

मी उडालोच. एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात असं वाक्य कुणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच. घरी येऊन मी ते लिहून टाकलं. इटलीत ताक नसणार म्हणून ताकाचं दूध केलं, माशी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवलं तर गडी मांडीवर थाप मारून उठून बसला. आपलं वाक्य परदेशी बाईच्या तोंडी गेलेलं ऐकून त्याला जे सुख झालं ते त्याला धंद्यात कधी झालं नव्हतं. मग त्याने रोज नवा माल द्यायला सुरुवात केली. एक दिवस मलमलीचं धोतर वाळत घातलंय आणि त्याच्या मागनं गाव चाललंय. एक दिवस लग्नाच्या फोटोला पाणी लागलंय. एक दिवस म्हणाला की माणसं येत्यात ती अंगानं येत न्हाईत, आवाजानं येत्यात, अंग मागनं पोचतंय. मी हे सगळं इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात नेऊन पसरत होतो. बटणांच्या दुकानातली ती बिचारी बाई उठताबसता भवानी पेठेतल्या उपमा देऊ लागली.

मी दुकानात शिरताच विचारायचो, काय गुरण्णा, आज कसं दिसतंय? आजूबाजूच्यांना वाटायचं, बघा, मित्र असावा तर असा, रोज येऊन डोळ्याची चौकशी करतो. मी चौकशी करत नव्हतो, माल उचलत होतो. आणि ऑपरेशनचा विषय निघाला की मीच टॉवेलचा दर विचारायचो. धुक्याची दोन प्रकरणं अजून बाकी होती.

मधल्या काळात एक बाई लग्नाच्या आहेरासाठी चादरी घ्यायला आली. रंग तिला मोरपंखी हवा होता. गुरण्णाला रंग कळेनासे झाले होते, सुताचा पोत तेवढा हाताला कळायचा. त्याने मला हळूच विचारलं, ही हातातली कुठल्या रंगाची हाय सर? ती चादर होती करडी. पण मी इतका भरात होतो की म्हणालो, वळीव यायच्या आधीचं आभाळ. गुरण्णाने आभाळ म्हणजे निळं समजून सहा चादरी बांधल्या. बाई दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आली. ती जे बोलली त्यात एकही अलंकार नव्हता, आणि मला प्रत्येक शब्द कळला.

मला आता वाटतं, उपमेचा खरा उपयोग आम्हा दोघांना त्या गादीवर सापडला होता. घाबरलेल्या माणसाने बघायचं टाळण्यासाठी ती फार चांगली. डोळा जातोय म्हणण्यापेक्षा ताकातली माशी म्हणणं सोपं. आंबा पिकतोय म्हणणं तर त्याहून सोपं, कारण पिकणं शुभ असतं, पिकलेलं गोड असतं, पिकलेल्याची वाट बघायची असते. एका क्रियापदाने आख्खा जिल्हा गप्प बसवला होता. सज्ज्यातल्या त्या भाषणबाजाला मी नावं ठेवतो, पण त्याला निदान सज्जा लागला. मला अर्धं ओढलेलं शटर पुरलं.

मग ती संध्याकाळ आली. दिवेलागणीला गुरण्णाने दुकानातला दिवा लावला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "सर, दिव्याला कडं आलंय," तो म्हणाला. "रंगीत. देवाच्या फोटोत डोक्यामागं असतंय की, तसं."

बोलताना त्याने कपाळाची डावी बाजू तळहाताने दाबून धरली होती. दुपारपासून डोकं ठणकतंय म्हणाला. जेवण उलटून पडलं होतं. ऊन लागलं असणार, घरात काय बोलू नका, ती उगा घोर करती, असंही म्हणाला. मी हे सगळं ऐकलं म्हणजे कानाने ऐकलं. मनात फक्त कडं होतं. दिव्याभोवती रंगीत कडं! धुक्यातला रस्त्यावरचा दिवा, विधवा खिडकीत, आणि दिव्यामागे देवासारखं वलय. मी विसरायच्या आत घर गाठायचं म्हणून चपला घालून पळालो. मित्र कपाळ दाबून बसला होता आणि मी पळालो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मी मागच्या बोळातून घरी गेलो. गुरण्णा आतल्या खोलीत कपाळाला फडकं बांधून अंधारात पडलेला. वहिनी म्हणाल्या, ऊन लागलंय, काल रात्रीपासनं पडून हायत, कांद्याचा रस चोळलाय. वहिनींचा चेहरा ओढलेला. मला वाटलं, यांचं जरा मन रमवावं. आता मन रमवायला माझ्या पिशवीत काय असणार? मी नवीन पान काढलं आणि त्यांच्यासमोर वाचायला लागलो. विधवा, खिडकी, दिवा, दिव्याभोवतीचं सात रंगांचं कडं.

वहिनी कांदे बाजूला ठेवून ऐकत होत्या. ऐकून त्यांनी विचारलं, हे त्या तिकडच्या बाईनं लिहिलंय का?

हो म्हणून मोकळा झालो असतो. पण लेखकाचा मान दुसऱ्याला जातोय हे मला कधी सोसलेलं नाही, मग तो मान मित्राचा का असेना. मी म्हणालो, छे छे, हे आपल्या गुरण्णाचं आहे! काल संध्याकाळी स्वतः म्हणाला. आणि पुराव्यादाखल मी सगळं सांगितलं. कपाळ दाबून धरलं होतं ते, ठणका होता तो, जेवण उलटलं ते. तळटीपा देतात तसं.

त्यांच्या हातातली सुरी खाली गेली. "यांना दिव्याला कडं दिसलं?"

"हो ना. देवाच्या फोटोत असतं तसं. काय उपमा—"

"साक री," त्या म्हणाल्या. पुरे. त्या घरात मी कानडीतले दोनच शब्द शिकलो, ते हेच, आणि तेही उशिरा. मग मराठीत म्हणाल्या, "माझ्या आईला मैंदर्गीत असंच कडं दिसायचं. सगळे म्हणायचे, देवाची कृपा हाय. मग तिला काय म्हंजे कायच दिसलं न्हाय. रिक्षा आणा."

मी रिक्षा आणली. एवढं एक काम त्या उन्हाळ्यात मी नीट केलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि तिला बोलायला वेळ नव्हता. तिने गुरण्णाच्या डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि भराभर औषधं घालायला लावली. मोतीबिंदू फुगून डोळ्यातलं पाणी अडलंय, दाब चढलाय, आतली नस दबतेय, असं तिने सांगितलं. दाब उतरला की लगेच ऑपरेशन. नस किती वाचली ते पट्टी काढल्यावरच कळणार. मग तिने विचारलं, इतके दिवस थांबायला कुणी सांगितलं? गुरण्णा सरळमार्गी माणूस. त्याने दुखऱ्या डोळ्यानेच माझी दिशा शोधली आणि म्हणाला, सरांनी.

"कशाचे सर?"

"मराठीचे."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, "काका, डोळा आहे तो. अढीतला आंबा नाही."

मी चकित झालो. हिला माझी अढी कशी कळली? नंतर नर्सने सांगितलं, थांबून राहिलेला प्रत्येक पेशंट अढीचंच सांगतो. म्हणजे माझी ती खास उपमा शहरभर आधीपासूनच वापरात होती. एक माणूस आंधळा करायला निघालो होतो, तेही उष्ट्या भांडवलावर.

ऑपरेशन चालू असताना मी आणि वहिनी बाकावर बसलो होतो, आणि त्यातच पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. नमुना म्हणून मी त्यांना पहिलं प्रकरण आणि शेवटचं पान पाठवलं होतं. आवाज मऊ होता. सर, शेवटच्या पानावर कोटाच्या अस्तराचं वाक्य होतं, ते दिसत नाही, म्हणाल्या. मला आठवलं. मूळ पुस्तकात शेवटी ती विधवा खिडकी उघडते, धुक्यात हात घालते, आणि ते तिला नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या अस्तरासारखं लागतं. बस. पुस्तक संपतं. मी मोठ्या उत्साहाने संपादकबाईंना सांगितलं की अस्तर म्हणजे फारच शिंप्याच्या दुकानातलं वाटत होतं, म्हणून मी तिथे 'विधवेच्या कोऱ्या कपाळासारखं पांढरंफटक धुकं' असं केलंय.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, माझं वाक्य शोधतायत.

मग त्या म्हणाल्या, "सर, आख्ख्या पुस्तकात ती बाई कुठल्याच गोष्टीला कशासारखी म्हणत नाही. तेवढं एकदाच म्हणते."

फोन ठेवल्यावर मी बाकावर तसाच बसलो. शेजारी वहिनी गुरण्णाचा शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ऑपरेशनला नेताना काढून दिलेला. त्या शर्टाची घडी करत होत्या, उलगडत होत्या, कॉलरच्या आतली बाजू तळहाताने सारखी करत होत्या, पुन्हा घडी. मी बघत होतो. सवयीने मनात 'जणू' येऊन उभं राहिलं, आणि पुढे काही आलं नाही. शर्ट होता. घाम वाळल्याचा पट्टा कॉलरवर होता. आतल्या दाराकडे त्या बघत नव्हत्या. चर्चासत्रात टाळ्या घेतलेला तो परिच्छेद मला त्या बाकावर कळला, आणि कळून काही उपयोग होण्यासारखी ती वेळ नव्हती.

पुढे मी सगळ्या उपमा काढल्या. घालताना एक उन्हाळा पुरला, काढायला पावसाळा संपून थंडी आली. गुरण्णाची माशी काढताना जिवावर आलं, पण काढली. कोटाचं अस्तर परत जागेवर लावलं. पुस्तक बारीक झालं, छापून आलं, आणि माझे जुने सहकारी भेटून म्हणाले की मूळ चांगलं असेल, पण सर, तुमची भाषा अगदीच कोरडी पडलीय. त्यातले निम्मे अजून चर्चासत्रांना जातात. नव्या पोरांना 'जणू' पकडायला शिकवतात. दुपारी जेवतात. मी त्यांना हसतो, आणि हसताना जपून हसतो, कारण आजच सकाळी कूलरच्या वासाला मी दोन वेळा कशाचा तरी वास म्हटलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दारू सुटते, हे सुटत नाही.

ते असो. पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरने आम्हाला एका चिंचोळ्या खोलीत नेलं. एका टोकाला खुर्चीवर गुरण्णा, त्याच्या मागे खुर्चीची पाठ धरून वहिनी. खोलीत जागा कमी, आपली अडचण नको, म्हणून मी आदबीने लांब जाऊन पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दाब उतरला होता, ऑपरेशन नीट झालं होतं; नस वाचली की नाही तेवढं उरलं होतं. डॉक्टरने पट्टी सोडली, कापूस काढला, डोळा पुसला. नोंद करायला तिने मान खाली घातली आणि म्हणाली, घाई करू नका काका. समोर भिंतीकडे बघा. काय दिसतं?

गुरण्णाने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. माझ्या दिशेने बघत राहिला.

"पांढरं," तो म्हणाला.

"अक्षरं दिसतात का?"

"अक्षरं न्हाईत. नुसतं पांढरं."

डॉक्टरचं पेन थांबलं. वहिनींची बोटं खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाली. मला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे, धीराचं काहीतरी, त्याला उभारी येईल असं. मी एक पाऊल पुढे आलो, हात उचलला आणि तोंड उघडलं.

"सर, शर्ट हाय तो तुमचा," गुरण्णा म्हणाला. "बाजूला व्हा की. तुमच्यामुळंच काय दिसंना झालंय."